उठाबशा, पण खुर्चीवरून

न्यूमोनियासाठी नऊ दिवस हॉस्पिटलात काढून आई घरी आली तेव्हा तिची छाती साफ होती, रिपोर्ट नॉर्मल होते, आणि तिला आमच्या सोफ्यावरून उठता येत नव्हतं. दोन्ही हात टेकायची, जोर लावायची, वीतभर वर यायची आणि धपकन मागे बसायची. वय ८१. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात हीच बाई आमच्या डोंबिवलीतल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगचे दोन मजले उतरून भाजी आणत होती.

"वय झालं आता," असं मामा म्हणाला, शेजारच्या काकू म्हणाल्या आणि आईनेही मान डोलावली. पण नऊ दिवसांत माणसाचं वय नऊ दिवसच वाढतं. मग एवढं गेलं काय?

गेलं ते मांड्यांमधलं मांस. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, धडधाकट स्त्री-पुरुषांना दहा दिवस नुसतं अंथरुणात पडून राहायला सांगितलं होतं. ताप नाही, सलाइन नाही, जेवणखाण व्यवस्थित. दहा दिवसांनी मोजलं तर प्रत्येकाच्या पायांतला सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू उतरला होता. निरोगी माणसांची ही गत, तर ८१ वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या, दोन घास जेमतेम गिळणाऱ्या बाईची काय होणार?

हे एकदम कसं होतं, हे मला आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने बँकेतल्या शिलकीचं उदाहरण देऊन सांगितलं. समजा, खुर्चीतून उठायला मांड्यांची चाळीस रुपये ताकद लागते. तिशीत तुमच्याकडे शंभर असतात. पन्नाशीत ऐंशी उरतात, पत्ताही लागत नाही. सत्तरीत साठ, तरी उठणं-बसणं चालूच. ऐंशीला पंचेचाळीस. अजूनही सगळं "ठीक" दिसतं, फक्त माणूस उठताना हात टेकायला लागलेला असतो. मग एक आजारपण येतं आणि दहा रुपये काढून नेतं. खात्यात पस्तीस. आता उठताच येत नाही. घरच्यांना वाटतं, आजाराने एका आठवड्यात म्हातारं केलं. खरं तर शिल्लक तीस-चाळीस वर्षं घटत होती, आजाराने फक्त शेवटची चिठ्ठी फाडली.

या हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पस्तीसचे शंभर करायचेच नाहीत. पस्तीसचे पंचेचाळीस झाले तरी माणूस आपलं आपण कमोडवरून उठतो. एवढ्याशा फरकाने एका बाईला चोवीस तास माणूस लागतं की नाही, हे ठरतं.

या अवस्थेला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात, आणि स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया'. फ्रेल्टी ओळखायच्या पाच खुणा २००१ साली अमेरिकन डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी मांडल्या आणि त्या आता जगभर वापरतात: प्रयत्न न करता वर्षभरात साधारण साडेचार किलोंनी उतरलेलं वजन, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, आणि एकूण हालचालच कमी होणं. पाचांपैकी तीन असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. आपल्याकडे हे सगळं 'अशक्तपणा आलाय' या दोन शब्दांत बसतं आणि त्यावर सलाइन किंवा ताकदीचं इंजेक्शन द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. मांडी मात्र त्या इंजेक्शनने भरत नाही.

आणखी एक गोष्ट समजली की पुढचं सोपं जातं. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक हळू पण न थकता चालणारे, उभं राहायला आणि सावकाश चालायला लागणारे. दुसरे झटक्याने जोर लावणारे. पायपुसणं सरकलं, ठेच लागली, तर पाय पटकन पुढे टाकून आपल्याला सावरतात ते हे दुसरे. वयाबरोबर जास्त बारीक होतात तेही हेच. म्हणून म्हातारी माणसं तासभर देवळात उभी राहू शकतात आणि उंबरठ्याला अडखळून पडतात. आणि हे तंतू जागे होतात ते जोर लावावा लागला तरच.

इथेच आपली गल्लत होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण सांगतो, "हलका व्यायाम कर." म्हणजे बसल्या बसल्या हात वर-खाली, पंजे गोल फिरवणं, थोडं प्राणायाम, गच्चीत दोन चकरा. यातलं काहीही वाईट नाही. सांधे मोकळे होतात, वेळ बरा जातो. पण ज्या हालचालीला काहीच कष्ट पडत नाहीत, तिच्यामुळे मांडी मजबूत कशाला होईल?

१९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत डॉ. मारिया फियातारोने यांनी उलटं करून पाहिलं. ८६ ते ९६ वर्षांचे दहा जण घेतले. त्यांना एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन पायाने उचलता येईल, त्याच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतचं वजन उचलायला लावलं. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. शेवटी पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत! याच गटाने पुढे १९९४ साली शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वर गेली, चालही सुधारली. नुसतं पेय पिणाऱ्यांना फायदा दिसला नाही. मेडिकलमधून पावडरचा महागडा डबा आणून कर्तव्य पार पडलं असं समजणाऱ्या मुला-मुलींनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे लक्षात ठेवायला हवं.

हे झालं संस्थेत, मशीनवर. घरी काय? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला. ८० च्या पुढच्या बायकांवर तो आधी करून पाहिला. फिजिओ घरी येऊन शिकवणार, घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, ओट्याला धरून तोल सांभाळायचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास, आणि झेपेल तसं चालणं. पुढे चार चाचण्यांतल्या हजारभर लोकांचा हिशेब एकत्र केला तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आमची फिजिओ जे शिकवत होती ते बरंचसं हेच होतं, फक्त डाळीच्या पुड्या वापरून.

एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. २००२ साली येल विद्यापीठाने स्वतःच्या घरी राहणाऱ्या, ७५ च्या पुढच्या १८८ अशक्त लोकांवर सहा महिन्यांचा घरगुती कार्यक्रम करून पाहिला. त्यांच्या कसोट्या दोन होत्या: हात छातीशी धरून खुर्चीतून उठता येतं का, आणि दहा फूट भरभर जाऊन परत यायला दहा सेकंदांहून जास्त लागतात का. एकीत नापास तो मध्यम अशक्त, दोन्हींत नापास तो फार अशक्त. मध्यम अशक्त लोकांची आंघोळ, कपडे घालणं, चालणं ही रोजची कामं व्यायामामुळे टिकली. फार अशक्त लोकांना म्हणावा असा उपयोग झाला नाही. आई घरी आली त्या दिवशी दोन्हींत नापास झाली असती. तिच्या बाजूने एवढंच होतं की तिची घसरण ताजी होती. पण घरातलं म्हातारं माणूस हात टेकून उठायला लागलं, जिन्यात कठडा घट्ट धरायला लागलं, की तेव्हाच सुरुवात करायची. अंथरूण धरायची वाट बघायची नाही, हे या अभ्यासातून मी घेतलं.

आता मुख्य गोष्ट. शाळेत गुरुजी शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावायचे. म्हातारपणी तेच औषध आहे, फक्त खुर्चीवरून.

खुर्ची आधी नीट निवडा. सोफा नाही, तो खोल आणि मऊ. प्लास्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते, तीही नको. हात असलेली, जड, लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आमच्याकडची खुर्ची आईला बुटकी पडत होती, म्हणून फिजिओने जुनी गोधडी मागवली, तिच्या घट्ट चार घड्या घालून बैठकीवर ठेवल्या आणि सरकू नये म्हणून नाडीने बांधल्या. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. ही गोधडी पुढे आमची मोजपट्टी झाली.

मग उठायची रीत. आई मागे रेलून बसायची आणि तिथूनच हातांच्या जोरावर वर यायला बघायची. फिजिओ म्हणाली, "आजी, आधी पुढे सरका, अगदी कडेला. आता पाय मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आणि नमस्कार करायला वाकतो ना, तसं पुढे वाका. नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. आता उठा." आई उठली. हात खुर्चीवर होते, पण उठली. तिला स्वतःलाच खरं वाटेना. नऊ दिवसांत तिची ताकद गेली होतीच, पण उठायची युक्तीही ती विसरली होती. पुढे वाकायची तिला भीती वाटत होती, आणि वजन पावलांवर आणल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही.

बसणं तर आणखी मोलाचं. बहुतेक म्हातारी माणसं शेवटच्या वीतभरात अंग सोडून देतात. तसं न करता एक, दोन, तीन मोजत सावकाश टेकायचं. त्या तीन आकड्यांत मांडीला खरं काम पडतं. श्वास मात्र रोखायचा नाही, रोखला की ब्लडप्रेशर चढतं. आईला "श्वास सोडा" सांगितलं की ती हमखास धरून ठेवायची. शेवटी उठताना मोठ्याने "रामकृष्णहरी" म्हणायचं ठरलं. बोलता बोलता श्वास रोखता येत नाही.

पहिल्या दिवशी तीन वेळा, दुपारी पुन्हा तीन वेळा, एवढंच झालं. किती करायचं याचा आमचा अंदाज साधा होता: आठ-दहा वेळा झाल्यावर 'आता फार तर दोनच निघतील' असं वाटलं पाहिजे. काहीच वाटलं नाही तर सोपं झालंय, म्हणजे एक घडी काढायची. मग एक हात टेकायचा, मग दोन्ही हात मांडीवर, मग छातीशी. दहाचा एक फेरा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा. दिवसाआड. मधला दिवस स्नायूला भरून यायला लागतो. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरायचं नाही, ते काम झाल्याची खूण. सांध्यात कळ आली, गुडघा सुजला, तर मात्र थांबून विचारायचं.

बाकीचं ओट्याशी. स्वयंपाकघरातला ओटा हा आपल्या घरांतला सगळ्यात भरवशाचा कठडा आहे; हलत नाही, उंची बरोबर, आणि जेवणाआधी म्हातारी माणसं तिकडे येतातच. दोन्ही हात टेकून टाचा वर, सावकाश खाली. मग एक पाय बाजूला, मग मागे, पाठ न वाकवता. मांडीच्या पुढच्या भागासाठी खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधायचं आणि पाय सरळ करायचा. वजन म्हणजे अर्धा किलो तूरडाळ, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात शिवलेली पिशवी, दोन्ही टोकांना नाड्या. महिनाभराने एक किलो झाली.

तोलाचे व्यायामही तिथेच. आधी पाय जुळवून उभं राहायचं. ते दहा सेकंद जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. ओट्यावर हात आधी पूर्ण टेकलेला, मग नुसती बोटं. मागे कुणीतरी उभं असलंच पाहिजे, आणि ओटा कधीही हाताबाहेर जाता कामा नये. ज्यांना टाचेला बोटं लावून दहा सेकंद उभं राहता येत नाही, त्यांना पडण्याचा धोका जास्त, एवढी ही साधी चाचणी बोलकी आहे. आई अनवाणीच करायची, कारण घरातल्या गुळगुळीत स्लिपरपेक्षा पाय जास्त पकडतो. गाऊन घोट्याच्या वर हवा.

चालणं? जरूर, पण पायांत जोर आल्यावर, आणि आधी घरातल्या घरात. लटपटणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात भरभर चालायला लावणं म्हणजे पडायचं आमंत्रण.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, ऑपरेशन झालं असेल, हाड मोडलेलं असेल किंवा मणका दबलेला असेल. करताना छातीत दाब किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताही येणार नाही इतका दम, हे झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. थोडा दम लागणारच. पण वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. ताप असेल त्या दिवशी सुट्टी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी करू नये. आणि झोपेतून उठल्यावर एकदम उभं राहू नये. आधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली करावीत, मिनिटभराने उठावं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर जी चक्कर येते, तिच्यामुळे पहाटे बाथरूमच्या वाटेवर कितीतरी जण पडतात.

आता ताटाकडे. व्यायामाने स्नायूला 'वाढ' म्हणून सांगितलं, पण बांधायला विटा नकोत? म्हाताऱ्या माणसांना रोज वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं असं तज्ज्ञ सांगतात. आईचं वजन ५० किलो, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. तिचं जेवण मी एक दिवस लिहून काढलं: सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दूधभात. पंचविशी जेमतेम गाठली असेल. मग वरण घट्ट झालं, सकाळी अंडं आलं (सहा ग्रॅम), दुपारी वाटीभर दही, भातावर शेंगदाण्याचं कूट, संध्याकाळी बिस्किटाऐवजी मुगाचं धिरडं. किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

सगळ्यात अवघड होतं ते आम्हाला बदलणं. "तू बस, मी आणते." हे वाक्य आमच्या घरात दिवसातून वीस वेळा बोललं जायचं, आणि प्रत्येक वेळी आईची एक उठाबशी आम्ही हिरावून घेत होतो. पाणी आम्ही देणार, रिमोट आम्ही देणार, बेल वाजली की आम्ही धावणार. आईला जपणं म्हणजे तिला हलू न देणं, असंच मी समजत होते. फिजिओने तिच्या पाण्याचा तांब्या मुद्दाम ओट्यावर ठेवायला लावला. सुरुवातीला मला ते क्रूर वाटलं, आईला तर वाटलंच. "पाणीसुद्धा देत नाहीत रे मला," असं एकदा तिने मामाला फोनवर सांगितलं, आणि मामाने मला झापलं. ते ऐकून घेतलं. हलू द्यायचं म्हणजे मोकाट सोडायचं असंही नाही. बाथरूममध्ये दांडा बसवला, सगळी सुटी पायपुसणी काढली, रात्रीचा छोटा दिवा लावला. वाट सुरक्षित करायची, चालायचं तिने.

प्रगती कशी मोजायची? तीस सेकंदांत हात छातीशी धरून खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं, ते मोजा. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे ८० ते ८४ वयाच्या बाईला नऊहून कमी जमलं किंवा पुरुषाला दहाहून कमी, तर पाय कमजोर समजतात. हात टेकून उठलात तर शून्य. आई शून्यावर होती. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तीन, चौथ्या महिन्यात सात. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी हे आकडे लिहिलेले आहेत. अधूनमधून तिला कंटाळा यायचा, दिवाळीत दहा दिवस सगळं बंद होतं आणि सातचे पाच झाले, मग पुन्हा चढले. नऊ अजून झालेले नाहीत.

सोफा आम्ही टाकला नाही. पहिल्याच आठवड्यात सुताराकडून त्याच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे बसवून घेतले होते. ते अजून तसेच आहेत, त्यामुळे पाहुणे आले की त्यांचे पाय अधांतरी लोंबतात. मागच्या रविवारी मामा तसा लोंबत बसला होता. "पाणी आण गं जरा," तो मला म्हणाला. मी उठायच्या आत आई पुढे सरकली, नाक बोटांवर आणलं, "रामकृष्णहरी" म्हणाली आणि ओट्याकडे निघाली.